तळोद्याच्या पुढे, गप्प बसायला

नंदुरबार

थंडीच्या दिवसांत नंदुरबारला उतरणाऱ्या माणसाचं स्वागत शिंकेनं होतं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या मांडलेल्या असतात. मोकळ्या रानात नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली, तोंडाला फडकी बांधून ती खालीवर करणाऱ्या बाया, आणि वारा फिरला की रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या नाकात झिणझिण्या. मी हे सगळं फोटोत पाहिलं होतं. तळोद्याच्या गाडीला वेळ होता म्हणून मुद्दाम रिक्षा करून बघायला गेलो. माझी बायको वंदना आधीच म्हणाली होती, "पस्तावाल." तिचं माहेर शहाद्याचं, म्हणजे तिथून जवळच. ती शांत बसली होती आणि मी एकामागून एक शिंका देत होतो.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "पाव्हना बाहेरगावना शेतस का?"

"नाशिकना," वंदना म्हणाली. नाशिकला ती शाळेत मराठी शिकवते, तिथं तिच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. नंदुरबारची हद्द लागली की मात्र जिभेवर अहिराणी येऊन बसते.

"मंग बराबर शे," रिक्षावाला म्हणाला, आणि माझ्या शिंकांचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला.

आम्ही चाललो होतो तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका शिबिराला. सकाळी ध्यान आणि दुपारी 'करुणेचा संवाद', म्हणजे समोरच्याचं ऐकून घेण्याचा आणि आपलं न टोचता सांगण्याचा सराव. आमचं घर बौद्ध. बुद्धवंदना, पंचशील सगळं लहानपणापासून पाठ. पण डोळे मिटून नुसतं बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बोलायची तर त्याहून नाही. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. वंदना म्हणते, घरात यांची फक्त आवक असते.

तिनं नाव नोंदवलं त्याला कारण होतं. तिचे वडील, आप्पा, शहाद्याला एकटे राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. उन्हाळ्यात मोरीत पाय घसरून पडले, तेव्हापासून हातात काठी आली. वंदना त्यांची एकुलती एक. तिनं मला विचारलं होतं, आप्पांना आपल्याकडे आणू या का. मी म्हणालो, बघू. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. ती अधूनमधून विचारत राहिली आणि मी बघत राहिलो.

'बघू' हा माझा शब्द आहे. नाही म्हटल्याचा दोष लागत नाही, हो म्हटल्याचा भार पडत नाही. आयुष्यातले बरेचसे प्रश्न मी या एका शब्दावर ताटकळत ठेवले आणि कंटाळून ते आपले आपण निघून गेले. हा प्रश्न जात नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता वंदना म्हणाली, "परतताना आपण शहाद्याला थांबणार आहोत. आप्पांसमोर तुम्ही काय ते एक बोला. हो म्हणा, नाही म्हणा. बघू म्हणालात तर मी तिथंच राहीन, शाळेत रजा टाकून. मग तुम्ही नाशिकला बसून बघा."

ती रागावून बोलली असती तर मला सवय होती. ती कपड्यांच्या घड्या घालत बोलली.

पायथा

तळोद्याच्या बाजारात उभं राहिलं की उत्तरेकडे सातपुडा दिसतो, धुक्यात बुडालेला, निळसर. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपा इथून सुटतात. जीपमध्ये जागा संपली असं तळोद्यात कोणी म्हणत नाही. आमच्या जीपचे मालक आणि ड्रायव्हर रशीदभाई, तळोद्याचेच, साधारण माझ्या वयाचे. त्यांनी स्वतःच्या उजव्या बाजूलाही एक उतारू बसवला होता, त्यामुळे ते तिरके होऊन, एका मांडीवर गाडी चालवत होते. माझ्या पायाशी पोतं होतं, पोत्यावर पाय ठेवला तर ते हललं.

"साहब, पाय जरा उचला," रशीदभाई पुढूनच म्हणाले, "तिथं कोंबड्या आहेत. त्यांचं पण तिकीट आहे."

सगळी जीप हसली. एक म्हातारी माझ्याकडे बघून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण तिनं सरकून मला पाय ठेवायला वीतभर जागा केली. केळीच्या आणि पपईच्या बागा मागे पडल्या, रस्ता लाल झाला, आणि एका वळणावर रशीदभाईंनी आम्हाला उतरवलं.

एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या शेतात विहार बांधलं आहे. पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, आत बुद्धाची पांढरी मूर्ती, दारात पपईची झाडं आणि मागे लगेच डोंगर. आम्ही वीसेक जण होतो, धुळ्याकडचे, जळगावकडचे, दोघं-चौघं नंदुरबारचे. शिकवणाऱ्या रत्नमालाताई नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या, पूर्वी परिचारिका होत्या. त्यांचा आवाज अजून तसाच होता, इंजेक्शन द्यायच्या आधी असतो तसा.

सकाळी श्वासावर लक्ष. त्यानंतर मैत्रीभावना. त्यात क्रम असा: आधी स्वतःसाठी मंगल चिंतायचं, मग जवळच्या माणसासाठी, मग ज्याच्याविषयी आपल्याला ना प्रेम ना राग अशा माणसासाठी, मग ज्याच्याशी आपलं जमत नाही त्याच्यासाठी, आणि शेवटी सगळ्यांसाठी. मी पहिल्याच पायरीला अडलो. 'मी सुखी होवो' असं मनात म्हणायला गेलो की कानामागे कोणीतरी विचारायचं, का म्हणून? दुसऱ्या पायरीवर वंदना होती, तिथंही मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग मी दोन्ही पायऱ्या घाईनं उरकून तिसरीवर यायचो. तिथं मी रशीदभाईंना बसवलं होतं. त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. रशीदभाई सुखी होवोत, त्यांच्या जीपचे ब्रेक शाबूत राहोत, त्यांना सरळ बसून गाडी चालवायला मिळो. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी मनापासून एवढं मागायचो की त्यांचा चेहरा मला पाठ झाला.

"तुम्ही स्वतःपाशी किती थांबता?" रत्नमालाताईंनी एकदा विचारलं.

"थांबतो थोडा," मी म्हणालो.

"तिथं गर्दी आहे का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुपारचा वर्ग गमतीचा असायचा. पद्धत सोपी होती: काय घडलं ते सांगा, त्यानं काय वाटलं ते सांगा, आपल्याला काय हवं आहे ते ओळखा आणि ते मागा. नंदुरबारचे एक कापड दुकानदार होते, ते पहिल्या दिवशी उभे राहून म्हणाले, "माझी भावना अशी आहे की माझा भाऊ मूर्ख आहे."

"ही भावना नाही, हे मत आहे," रत्नमालाताई म्हणाल्या.

"ताई, पण आलंय भावनेतूनच."

त्यांच्यावर अर्धा तास गेला. शेवटी ते म्हणाले की भाऊ दुकानात न विचारता माल भरतो तेव्हा आपल्याला एकटं वाटतं. म्हणाले आणि खालीच बसले. 'एकटं' हा शब्द आपल्या तोंडून निघाला याचंच त्यांना नवल वाटलं असावं. दिवसभर ते पपईच्या झाडांमध्ये फिरत होते.

ताटावरचं मौन

वर्ग आणि सराव सोडले तर संध्याकाळपर्यंत मौन असायचं, जेवतानाही. हा नियम हिराबाईंना लागू नव्हता. हिराबाई स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि वाढताना बोलायच्या. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, चुलीवरची, कडा खरपूस. हिरव्या मिरचीचा ठेचा, लाकडाच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, एका दिवशी फुनके आणि कढी. फुनके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, ते कढीत बुडवून खायचे. आमच्याकडे नाशिकला कढी खिचडीवर येते आणि तिथंच संपते. इथं तिला मानाचं पान होतं.

पहिल्या दिवशी दोन भाकऱ्या झाल्यावर मी पोट भरल्याचं कळावं म्हणून हिराबाईंना हात जोडले. आमच्याकडे पंगतीत हात जोडले की वाढणारा पुढे सरकतो. हिराबाईंना ते अन्नाला केलेलं वंदन वाटलं. त्यांनी कौतुकानं आणखी एक भाकरी घातली. मी पुन्हा हात जोडले. पुन्हा भाकरी आली.

"काबर लाजतस भाऊ, ल्या ना," त्या म्हणाल्या. "किती भक्तीनं जेवी ऱ्हायनात."

समोरच्या रांगेत वंदना खाली मान घालून जेवत होती. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे हे मला कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. चौथी भाकरी मी पाण्याबरोबर संपवली. जेवणानंतर डोळे मिटून बसलो तर मला श्वास सापडेना, सगळी जागा भाकरीनं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले नाहीत, नुसतं हळूच हसून मान तिरकी केली. ती मान पाहून हिराबाईंनी भरीत वाढलं. तिसऱ्या दिवशी मी जरा जास्त हसलो, तेव्हा ठेचा. त्या संध्याकाळी मौन सुटल्यावर माझी ही तक्रार ऐकून रत्नमालाताई म्हणाल्या, "तुम्ही ताटावर हात का नाही आडवा धरत?"

"त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना वाईट वाटेल की तुम्हाला 'नको' म्हणवत नाही?"

चौथ्या दिवशी मी ताटावर हात आडवा धरला. हिराबाई "बरं" म्हणून पुढे गेल्या. एवढंच झालं. आकाश कोसळलं नाही. मी बराच वेळ तो हात तसाच ताटावर ठेवून बसलो होतो.

टेकडी

शिबिराच्या शेवटाकडे दोघादोघांनी टेकडी चढायचा सराव होता. वर जाताना एकानं बोलायचं. दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आपली बाजू मांडायची नाही. माथ्यावर पोचल्यावर त्यानं जे ऐकलं ते जसंच्या तसं परत सांगायचं. उतरताना पाळी बदलायची. नवरा-बायकोंना शक्यतो एकत्र पाठवत नसत, आणि तोवर माझी जोडी कापड दुकानदारांशी होती. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकायला लागली, गालाला गरम फडकं लावून ते पडून राहिले. वंदनाची जोडीदारीणच त्यांना घेऊन तळोद्याला दातांच्या डॉक्टरकडे गेली. उरलो आम्ही दोघं.

"जमेल?" रत्नमालाताईंनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो. वंदना माझ्यापुढे चालायला लागली होती.

साग पिवळा पडला होता, पायाखाली मोठी पानं वाजत होती. ती बोलत होती आणि मी मागून ऐकत होतो. तिनं आप्पांचं सगळं सांगितलं. ते रात्री मोरीतला दिवा चालू ठेवून झोपतात. फोनवर "मस्त शे" म्हणतात आणि शेजारच्या बाईकडून कळतं की दोन दिवस चहा-बिस्किटांवर होते. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काही शोधीन. माणूस ठेवीन. पण तुमच्या 'बघू'नं मला काहीच करता येत नाही. मी दाराशी चपला घालून उभी आहे असं वाटतं." नंतर म्हणाली, "तुमच्या आईंच्या वेळी मी एकदाही तोंडानं म्हटलं नाही की त्यांना इकडे आणू या. तुम्ही काही काढलं नाहीत आणि मीही नाही. त्या सिन्नरला भाऊजींकडेच गेल्या. आता कोणत्या तोंडानं मी माझ्या वडिलांचं मागते, असं तुमच्या मनात येत असेल. माझ्याही येतं."

मी थांबलो. नियम होता म्हणून बोललो नाही. नियम नसता तरी बोललो नसतो.

माथ्याच्या जरा खाली एक घर होतं, बांबूच्या कुडाला माती लिंपलेलं, वळचणीला मक्याची कणसं टांगलेली. अंगणात एक जोडपं होतं. ती सुपानं काहीतरी पाखडत होती, तो खाटेची दोरी ताणत होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं.

"खालच्या शिबिरातले ना?" त्यानं शाळेतल्या मराठीत विचारलं. "रोज दोन-दोन जण येतात. एक बोलतो, एक मुंडी हलवतो. जाताना जो गप्प होता तो बोलतो. भांडण असतं का?"

"नाही, शिकतोय," वंदना म्हणाली.

"काय?"

"ऐकायला."

त्यानं ते आपल्या बोलीत बायकोला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते," तो म्हणाला, "तुम्ही दोघं नवरा-बायको दिसता. घरी बोलायला जागा कमी पडली का, डोंगर चढून आलात?"

आम्हीही हसलो. मग माथ्यावरच्या खडकावर बसून मी तिचं बोलणं परत सांगितलं. मोरीतला दिवा, चहा-बिस्किटं, चपला, काही सोडलं नाही.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय राहिलं."

मी ते सांगितलं. "तू म्हणालीस की आईच्या वेळी तू विचारलं नाहीस, त्याचं तुझ्या मनात आहे."

"हो," ती म्हणाली. "आता तुम्ही."

खाली विहाराचा पत्रा उन्हात चमकत होता. मी उतरायला लागलो आणि बोलायला लागलो. तिचा चेहरा मागे होता, तेवढं बरं होतं.

मी सांगितलं ते असं. आईनं मला विचारलं होतं. फोन करून म्हणाली होती, "तिकडे येऊ का रे राहायला?" मी म्हणालो, बघू. घर लहान, आईची पथ्यं, मधल्यामध्ये बोलावं लागणार, तिची समजूत, हिची समजूत. मला त्या कशातच पडायचं नव्हतं. मग भावानं विचारलं, काय ठरलं. त्याला मी सांगितलं, वंदनाची शाळा असते, तिला जमणार नाही. तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. आई भावाकडे गेली, तिथंच वारली. त्यानंतर वहिनी वंदनाशी तुटक बोलायला लागल्या, लग्नकार्यात तिला लांबूनच नमस्कार करून पुढे जायच्या. वंदना मला विचारायची, माझं काय चुकलं? मी म्हणायचो, असू दे, त्यांचा स्वभाव. आणि आता आप्पांना ठेवून घ्यायचं म्हटलं की मला वाटतं, आईला ठेवलं नाही त्या घरात यांना कुठल्या हक्कानं आणू. आप्पा मला नकोत असं नाही. त्यांना पाहिलं की मला मी दिसतो.

मागे पानं वाजायची थांबली होती. मग पुन्हा वाजायला लागली.

पायथ्याशी आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या पाळीचं काम तिनं केलं. "तुम्ही म्हणालात, आईंनी येऊ का विचारलं. तुम्ही बघू म्हणालात. भाऊजींना माझं नाव सांगितलंत. मला विचारलं नव्हतंत. वहिनी का तसं वागतात ते तुम्हाला माहीत होतं. आणि आप्पा तुम्हाला नकोत असं नाही." आवाज सरळ होता, वर्गात धडा वाचतात तसा. माझंच बोलणं दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना त्यातला एकही शब्द मला मऊ करता येत नव्हता.

"बरोबर?" तिनं विचारलं.

"बरोबर."

"आता मौन माझं," ती म्हणाली, आणि विहाराकडे निघून गेली.

परतीची जीप

दुसऱ्या दिवशी समारोपाला सगळ्यांचं मौन सुटलं, माणसं महिनाभर उपाशी असल्यासारखी बोलत होती. दाढ काढून आलेले दुकानदारसुद्धा अर्ध्या तोंडानं बोलत होते. वंदनानं मौन सोडलं नाही. रत्नमालाताईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं की यांना मौनाची खरी गोडी लागली. वंदनानं हात जोडले. मी जमिनीकडे पाहिलं. हिराबाईंनी निघताना तिच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी शेवटे शेवटे कमी जेवनात. काही दुखस का?"

न्यायला रशीदभाई आले. त्यांना पाहिल्याबरोबर मला इतकं बरं वाटलं की मी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आठवडाभर रोज सकाळी ज्याचं मंगल चिंतलं तो माणूस प्रत्यक्ष समोर, जाताना होता त्याच निळ्या स्वेटरमध्ये.

रशीदभाईंनी हात सोडवून घेतले नाहीत, पण माझ्याकडे नीट पाहिलं. "क्या हुआ साहब, तबियत ठीक आहे ना?"

"अगदी ठीक. तुम्ही कसे आहात? ब्रेक वगैरे?"

"ब्रेकला काय झालं?"

"काही नाही. शाबूत आहेत ना?"

ते वंदनाकडे वळून म्हणाले, "भाभी, यांना पुढे बसवतो. हवा लागेल." मग मला त्यांच्या उजवीकडे बसवलं आणि स्वतः तिरके झाले. म्हणजे त्यांना सरळ बसायला मिळावं हे मी मागत होतो, आणि त्यांची जागा अडवून मीच बसलो होतो.

तळोदा दिसायला लागलं तेव्हा मागून वंदनाचा आवाज आला. "रशीदभाई, शहाद्याची गाडी मिळेल ना?"

कालपासूनचे तिचे पहिले शब्द, आणि ते त्यांना मिळाले. मला त्यांचा हेवा वाटला नाही म्हटलं तर खोटं होईल.

स्टँडवर उतरल्यावर ती माझ्याशी बोलली. रत्नमालाताईंनी शिकवलं होतं तसं, मागणं स्पष्ट आणि करता येण्यासारखं. "वहिनींना फोन करा. आत्ता. मी इथं उभी राहते."

मी फोन केला. बाजूला पपई भरलेला टेम्पो मागे घेत होते आणि एक जण जोरजोरात "येऊ दे, येऊ दे" ओरडत होता. त्या गोंगाटात मी वहिनींना सांगितलं की वंदनाला कधी कोणी विचारलंच नव्हतं, नकार माझा होता.

मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं मी तिच्याशी तशी वागले, ते उगाच?"

"हो."

"भाऊजी, तुम्ही बोलत नाही ते एक परवडलं. पण खोटं बोलायला बरं तोंड उघडलंत." मग त्या म्हणाल्या, "द्या तिला."

मी फोन वंदनाला दिला आणि लांब जाऊन उभा राहिलो. त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. शहाद्याच्या गाडीत वंदना माझ्या शेजारी बसली, पिशवीतून भाकरी काढली आणि अर्धी मोडून मला दिली. रागावली नव्हती असं नाही. अर्धी भाकरी दिली एवढं मात्र खरं.

शहादा

आप्पा ओट्यावरच होते, गळ्याला मफलर, बाजूला काठी. माझ्याशी ते जपून मराठीत बोलतात, रंगात आले की अहिराणीत जातात. वंदनानं चहा ठेवला. कप हातात आल्यावर मी घोट न घेता म्हणालो, "आप्पा, तुम्ही आमच्याकडे राहायला चला. पाहुणे म्हणून नाही. मला तुम्ही घरी हवे आहात."

वंदना स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. मिशी पुसली. म्हणाले, "बघू."

वंदनाला असं हसू फुटलं की तिला दाराला धरावं लागलं. आप्पांना कळेना काय झालं. मलाही हसू येत होतं, पण मी कप तसाच खाली ठेवला. समोरच्याच्या 'बघू'पुढे माणूस कसा उभा राहतो ते मला पहिल्यांदाच कळत होतं.

शिकलेलं वापरायचं ठरवलं. "आप्पा, 'बघू' म्हणजे नको का? नको असेल तर म्हणा. मला काय अडतंय ते ऐकायचंय."

"नको कसं म्हनू? पोरगी शे मन्ही." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पाव्हना, खरं सांगू का. मागे तुमच्याकडे आठ दिवस राहिलो. ही शाळेत जायची. तुम्ही सकाळी पेपर वाचायचे, संध्याकाळी टीव्ही. मी विचारायचो, जेवण झालं का. तुम्ही म्हणायचे, हो. आठ दिवसांत मला तुमचा तेवढाच एक शब्द मिळाला. इथं पडलो-झडलो तरी कोपऱ्यावर जुने ड्रायव्हर भेटतात, शिव्या देतात, जीवले बरं वाटस. तुमना घर इसन मी बोलू कोनासंगे?"

ऐकलं ते मी परत सांगितलं. "म्हणजे तुम्हाला जागेची अडचण नाही. मी बोलत नाही, ही अडचण आहे."

"हां."

वंदना माझ्या मदतीला आली नाही.

आप्पांनाच माझी दया आली असावी. ते म्हणाले, "बरं, एवढे दिवस त्या डोंगरात काय केलं, ते तर सांगा."

नेहमीचा मी 'ठीक होतं' म्हणालो असतो. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "नंदुरबारला उतरलो. मिरच्या बघायला गेलो आणि शिंकून बेजार झालो. मग तळोद्याहून जीपनं..."

"थांबा. जीप कोनी व्हती?"

"रशीदभाईंची."

"उजवी अंगले मानूस बसाडीसन चालाडस, तोच ना?" आप्पा सरळ बसले. "त्याना बाप मन्हा दोस्त व्हता. मंग? पुढे?"

मी सांगत गेलो. प्रत्येक वळणावर ते अडवायचे. रस्ता कसा होता, चढाला गाडी दम खात होती का, कोंबड्या कोणाच्या, भाकरी कशाची, चार खाल्ल्या म्हणजे पाण्याबरोबर की ताकाबरोबर. हिराबाईंपाशी आलो तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. नाशिकची गाडी निघून गेली, आम्ही उठलो नाही. आत वंदनानं डाळ शिजायला टाकली होती. ही हकिगत तुमच्यासाठी कागदावर उतरली ती नंतर. पहिल्यांदा ती त्या ओट्यावर, एका माणसासाठी, सांगून झाली.

टेकडीपाशी आलो तेव्हा वंदना पळी हातात घेऊनच बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. तो भाग मी गाळला नाही. आई, फोन, भावाला सांगितलेलं नाव. तिथं आप्पांनी मध्ये काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर ते रस्त्याकडे बघत बसले. समोरून एक एसटी गेली, सवयीनं त्यांनी ती वळेपर्यंत पाहिली.

मग म्हणाले, "तुमना घरमा मन्ही खाट कोठे टाकशात?"

'बघू' ओठांपर्यंत आला होता.

"खिडकीपाशी," मी म्हणालो. "तिथून डेपोत जाणाऱ्या गाड्या दिसतात."